नावापुढे ‘गोंदिया’ लावावं लागतं

एका महाशिवरात्रीला प्रतापगडाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसलो होतो. वर चढणाऱ्यांची रांग लागली होती, धूळ उडत होती. मी सहज मोबाइल काढला आणि बसलो होतो त्याच गावाचं नाव टाइप केलं. पडद्यावर आधी उगवला साताऱ्याचा प्रतापगड: 10 नोव्हेंबर 1659, अफझलखान, भवानीमातेचं मंदिर, महाबळेश्वरहून जायचा रस्ता. त्याखाली उत्तर प्रदेशातलं प्रतापगढ, आवळ्यांसाठी नावाजलेलं. मग राजस्थानातलं, 2008 साली जिल्हा झालेलं, काचेवर सोन्याचं थेवा काम करणारं. खाली खाली सरकत राहिलो. मी ज्या गावच्या बाकावर बसलो होतो ते गाव काही येईना. टपरीवरचा पोरगा कप उचलता उचलता माझ्या पडद्यात डोकावला. म्हणाला, “भाऊ, पुढे ‘गोंदिया’ लावा. नाही तं साताऱ्यात जाऊन पोचाल.”

इंटरनेटवरची प्रतिष्ठा कशी सांभाळावी, या विषयावरच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा हे वाक्य आठवलं. हे काम मोठ्या कंपन्यांचं, सिनेनटांचं, फार तर निवडणुकीला उभं राहणाऱ्यांचं, असा आपला समज असतो. बदनामी झाली की धावाधाव करायची, एवढंच त्यातलं आपल्याला माहीत. पण प्रतापगडाची बदनामी कुणी केलेली नाही. त्याच्या नावावर दुसरी तीन गावं बसली आहेत, एवढंच. आणि हे दुखणं बदनामीपेक्षा जास्त घरांत आहे. ‘पाटील किराणा’, ‘साई मोबाइल’, ‘जय भवानी भोजनालय’ या नावांची दुकानं महाराष्ट्रात किती असतील, ते मोजायला कुणी बसू नये.

हा प्रतापगड अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. टेकडी, तिच्यावर जुन्या किल्ल्याच्या खुणा, महादेवाचं ठाणं, आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा. यात्रेला येणारी माणसं महादेवाला बेल वाहतात आणि दर्ग्यावरही डोकं टेकवतात. इथल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, बाहेरून आलेल्यालाच त्याचं अप्रूप. जवळच गोठणगाव आणि गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. नवेगावचं जंगलही फार लांब नाही. 1975 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेलं. याच भागात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1972 पासूनची.

या वसाहतीच्या नावात आमच्या विषयाचा एक धडा दडलेला आहे. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. पण तिबेटी प्रशासनाच्या कागदांत वसाहतीची ओळख आजही ‘भंडारा’ अशीच चालते. पाव शतक उलटलं तरी. एकदा कागदावर चढलेलं नाव, आणि आता यंत्रात चढलेलं नाव, आपण होऊन उतरत नाही. उतरवायला कुणाला तरी पाठपुरावा करावा लागतो, आणि तो कुणाचाच नसतो.

आपल्या आजोबा-पणजोबांनी मात्र नावांचा घोळ आपल्या परीने निस्तरला होता. याच जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक महामार्गावरची, म्हणून सडक अर्जुनी. दुसरी मोरगावाला खेटून, म्हणून अर्जुनी मोरगाव. नवेगावं तर विदर्भात पैशाला पासरी, म्हणून तलावाचं नवेगाव ते नवेगाव बांध. शोधयंत्रं जन्माला येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी ओळखलं होतं की नुसतं नाव पुरत नाही, त्याला खूण जोडावी लागते, आणि ती खूण जागेवरचीच हवी. आज दुकानदाराला सल्लागार पैसे घेऊन सांगतो की पाटीवर, नकाशावर, पावतीवर, सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहा आणि गावाचं नाव जोडा. सडक अर्जुनीवाल्यांनी ते फुकटात केलं होतं.

मराठीत ‘नाव ठेवणं’ याला दोन अर्थ आहेत. बारशाला आत्या नाव ठेवते आणि पंगतीतून उठल्यावर तीच आत्या आमटीला नावं ठेवते. एरवी हे दोन प्रसंग वेगळ्या घरात, वेगळ्या दिवशी घडत. मोबाइलवर दोन्ही एकाच चौकटीत येतात: वर दुकानाचं नाव, खाली लोकांनी ठेवलेली नावं. गंमत अशी की वरचं नावही पुष्कळदा मालकाने ठेवलेलं नसतं. एखाद्या येणाऱ्या-जाणाऱ्याने नकाशावर खूण टोचली, जमेल तसं स्पेलिंग लिहिलं, दाराचा अर्धवट फोटो टाकला, की दुकान जगाच्या दृष्टीने जन्मलं. मालकाला बारशाचं आमंत्रणच नाही. त्या नोंदीवर आपला हक्क सांगता येतो, पडताळणी करून ती आपल्या ताब्यात घेता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत, एवढंही ठाऊक नसलेले व्यापारी मी रोज पाहतो.

ताबा न घेतल्याने काय होतं, ते 2018 साली मुंबई-ठाण्याकडे दिसलं. गुगलच्या नकाशावर कुणालाही ‘बदल सुचवा’ म्हणता येतं. ठगांनी या सोयीचा फायदा घेतला आणि बँकेच्या शाखांच्या नोंदीत आपलेच मोबाइल नंबर घातले. भविष्य निर्वाह निधीच्या मुंबईतल्या कार्यालयाच्या बाबतीतही असाच प्रकार झाला. खातेदार बिचारा बँकेचा नंबर समजून फोन करायचा, समोरचा गोड आवाजात कार्डाचा नंबर आणि पिन विचारायचा, की खातं रिकामं. बँक ऑफ इंडियाने तक्रार केल्यावर महाराष्ट्र सायबर विभागाने त्यात लक्ष घातलं. ज्यांच्याकडे कायदा विभाग, जनसंपर्क विभाग, सगळं आहे, त्यांची ही गत. बोंडगावच्या कृषी केंद्रवाल्याने आपला नंबर महिन्यातून एकदा तरी नकाशावर पाहिला, तर कुणी त्याला संशयी म्हणू नये.

आता ताऱ्यांचा हिशेब. चार तारे, पाच तारे या भानगडीत लहान माणूस का भरडला जातो, हे साध्या सरासरीत आहे. एखाद्या मुक्कामाच्या घराला तिघांनी पाच-पाच तारे दिले आहेत आणि चौथा एक देऊन गेला, तर सरासरी पाचावरून थेट चारवर येते. हाच एक तारा एकोणपन्नास चांगल्या अभिप्रायांनंतर आला असता, तर सरासरी 4.92 राहिली असती, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. रागावलेला माणूस आपण होऊन लिहितो. समाधानी माणूस ढेकर देऊन निघून जातो. म्हणून समाधानी माणसाला दाराशी थांबवून ‘दोन ओळी लिहाल का’ असं विचारायची भीड मोडावी लागते. आमच्याकडच्या माणसाला ती फार. पाहुण्याकडे स्वतःचं कौतुक मागायचं म्हणजे काय! जंगलाजवळ राहण्याची सोय करणाऱ्यांचं दुखणं तर आणखी वेगळं. वाघ दिसला नाही म्हणून जेवणाला एक तारा. वाघ काही त्यांच्या पगारावर नसतो. पण असल्या अभिप्रायाखालीही चिडून लिहू नये. ‘पुन्हा या, पहाटेची फेरी घ्या, उन्हाळ्यात पाणवठ्यावर शक्यता जास्त’ एवढं लिहावं. ते उत्तर त्या पाहुण्यासाठी नसतं. पुढचे शंभर जण ते वाचणार असतात.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. गोंदियाचं नाव बाहेर घेतलं की नक्षल हा शब्द पाठोपाठ येतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एप्रिल 2024 च्या यादीत देशभरातले 38 नक्षलग्रस्त जिल्हे होते, त्यांत महाराष्ट्रातले दोन: गडचिरोली आणि गोंदिया. त्यानंतर ती यादी झपाट्याने आखडत गेली. पण जुन्या बातमीला मुदत नसते. वर्तमानपत्र रद्दीत जायचं, त्यावर भजी खाल्ली जायची, विषय संपायचा. आता पंधरा वर्षांपूर्वीची चकमक आणि आजचं हवामान शेजारी शेजारी उभे असतात आणि सहलीला निघालेलं कुटुंब पहिल्यावर थांबतं. तरी निव्वळ रडगाणं गाऊ नये. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या, वेतनश्रेणीचा लाभ मिळाला, आणि आमच्या भागात ‘एकस्तर’ हा शब्द प्रत्येक शिक्षकाच्या घरात ठाऊक आहे. वाईट नावालाही हितसंबंध चिकटलेले असतात. ते पुसायचं म्हटलं की सगळ्यांनाच सारखी घाई असते असं नाही.

अफवेचं गणित याहून वेगळं. आमचा जिल्हा धानाचा, इथल्या माणसाला तांदूळ शिकवायचा नसतो. तरीही रेशनच्या पोषणयुक्त तांदळाने लोकांना चकवलं. 15 ऑगस्ट 2021 रोजी लाल किल्ल्यावरून त्याची घोषणा झाली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून यंत्रात दाणा पाडायचा आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळायचा, असा तो प्रकार. दाणा दिसायला थोडा निराळा, पाण्यात तरंगतो. बायांनी सुपात निवडताना तो हेरला. हेरणारच, जन्म गेला त्यात. मग ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून व्हिडिओ फिरले आणि नेमका पोषणाचा दाणा वेचून उकिरड्यावर गेला. इथे सूप धरणाऱ्या बाईला अडाणी म्हणणं सोपं आहे. मला तिचं काहीच चुकलेलं दिसत नाही. वेगळा दाणा दिसला, विचारलं, उत्तर द्यायला कुणी नव्हतं, ते मोबाइलने दिलं. रेशन दुकानात पोत्यासोबत आधीच एक वाटी पाणी ठेवून दाणा तरंगवून दाखवला असता, तर व्हिडिओला गिऱ्हाईक मिळालं नसतं. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो ही अफवा फिरली, तेव्हा कुक्कुटपालकांचा भाव काही आठवड्यांत कोसळला. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात एका शेतकऱ्याने हजारो पक्षी खड्ड्यात पुरले. शासनाने खुलासे केले, पोलिसांत तक्रारी झाल्या. खुलासा पोचला तोवर खड्डा बुजला होता.

अशा वेळी पहिला विचार येतो कोर्टाचा. म्हणून एक जुनी गोष्ट जरा सविस्तर सांगतो. 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना वेडसर ठरवून त्यांचा छळ चालला आहे अशी बोलवा होती, आणि बोट होतं कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडे. टिळक आणि आगरकर या तरुण संपादकांच्या हाती काही पत्रं आली, बर्व्यांचीच म्हणून. त्यांनी विश्वासाने ती छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण खटला काही टळला नाही. 1882 साली दोघांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले आणि ऑक्टोबरमध्ये ते सुटले.

आजच्या भाषेत सांगायचं तर दोघांनी फॉरवर्ड आलेला मजकूर न पडताळता पुढे ढकलला होता. बर्वे कायद्याने पूर्ण बरोबर होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला, शिक्षा झाली, सगळं झालं. आणि नाव? तुरुंगातून सुटलेल्या संपादकांना लोकांनी डोक्यावर घेतलं, वृत्तपत्रांचा दबदबा वाढला, आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. माधवराव बर्वे हे नाव आज कुणाला ठाऊक असलंच, तर फक्त या खटल्यामुळे. ज्या आरोपाला त्यांनी कोर्टात खोटं पाडलं, तोच त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. अमेरिकेतली गायिका बार्बरा स्ट्रायसंड हिने 2003 साली आपल्या समुद्रकाठच्या घराचा फोटो काढून टाकावा म्हणून दावा लावला. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा उतरवला गेला होता, त्यांतल्या दोन वेळा तिच्याच वकिलांनी. दाव्यानंतर महिन्याभरात लाखो लोकांनी पाहिला. लपवायला जावं आणि उलट जास्त पसरावं, या प्रकाराला जगाने तिचं नाव दिलं. तारखा पाहिल्या तर मान बर्व्यांचा होता.

म्हणजे कायदा कुचकामी, असं नाही. बदनामी हा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 356 खाली येतो आणि आता शिक्षेत समाजसेवेचाही पर्याय आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यमांच्या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला आणि तक्रारीची 24 तासांत पोच द्यायला लावली. कुणाचे खासगी फोटो किंवा बनवलेली नग्न चित्रं टाकली असतील तर ती हटवायची मूळ मुदतही 24 तासांची ठेवली. पैसे गेले असतील तर 1930 हा नंबर आहे. पुढच्या प्रकरणांत हे सगळं पायरीपायरीने येईल. मी इथे एकाच गोष्टीवर अडून बसतो. मुलीचं खोटं खातं निघालं, फोटो फिरला, की आमच्या घरांत पहिलं काम होतं तिचा फोन काढून घेण्याचं. त्या फोनमध्येच पुरावा असतो. आधी पडद्याचे फोटो काढा, दुवा आणि वेळ लिहून ठेवा, मग तक्रार करा. आणि तिच्यावर ओरडायचं असेल तर ते कधीच करू नका.

कायद्याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. त्याआधी पालघरचं नाव फार तर रेल्वेच्या प्रवाशांना ठाऊक, त्या अटकेने ते जगभर पोचलं. पुढे 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द केलं, त्या निकालाच्या पाठीशी हे प्रकरण होतं. प्रतिष्ठा सांभाळण्याच्या नावाखाली तोंड बंद करणं फार सोपं असतं. ज्या हॉटेलात खरोखर शिळं वाढतात, त्याच्या मालकाला वकिलाची नोटीस स्वयंपाक्यापेक्षा स्वस्त पडते.

याच सोयीवर एक धंदा उभा राहिला आहे. ‘दहा दिवसांत वाईट अभिप्राय गायब’, ‘शंभर पंचतारांकित अभिप्राय अमुक रुपयांत’. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढलं, त्यात विकत घेतलेल्या अभिप्रायांना जागा नाही. पण ते ऐच्छिक आहे. या धंद्याबद्दल माझं मत चांगलं नाही आणि ते लपवायची गरज वाटत नाही. विकतचा अभिप्राय ओळखू येतो. अर्जुनीच्या खानावळीबद्दल दिल्ली, इंदूर आणि सुरतेच्या अकरा जणांनी एकाच रात्री ‘अप्रतिम वातावरण’ असं लिहिलं, तर गावातलं पोरगंही हसतं.

नावलौकिक कसा चालतो हे आमच्या भागाला, म्हणजे झाडीपट्टीला, समजावून सांगावं लागू नये. इथली नाट्यमंडळं दिवाळी ते होळी रात्र-रात्र प्रयोग करतात, वडशाला त्यांची कार्यालयं आहेत, आणि गावोगावची मंडळी तिथे जाऊन नाटक ठरवतात. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे उरलेल्या महाराष्ट्राची नजर वळली. ठरवायला आलेली माणसं मंडळाची जाहिरात वाचत नाहीत. मागल्या साली शेजारच्या गावात पडदा किती वाजता उघडला, मुख्य नट खरंच आला होता का, पहाटेपर्यंत किती माणसं बसून राहिली, एवढं विचारतात. एक प्रयोग फसला तर मंडळ पुढच्या प्रयोगात भरून काढतं आणि त्याचीही चर्चा त्याच गावांत होते. बोलणारा आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो, दोघं एकाच पंचक्रोशीत. तिबेटी कुटुंबं हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरात जातात, तिथेही हेच. गेल्या साली स्वेटर उसवला तर गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, माणूस यंदाही इथेच भेटेल.

ते भेटणं मोबाइलवर नाही. म्हणून रोज थोडं तिथे जाऊन बसावं लागतं, पूर्वी चावडीवर बसत तसं. आपलं नाव मराठीत, इंग्रजीत आणि चुकीच्या स्पेलिंगमध्येही शोधायचं. नवा उल्लेख आला की कळवणारी फुकट सोय लावून ठेवायची. खऱ्या तक्रारीला दोन दिवसांच्या आत, नाव घेऊन, सबब न सांगता उत्तर द्यायचं. स्वतःचे फोटो स्वतः टाकायचे, कारण ती जागा रिकामी राहत नाही. आमच्या प्रतापगडाच्या माहितीखाली साताऱ्याच्या बुरुजाचा फोटो लावलेला मी पाहिला आहे, तोही भगव्या झेंड्यासकट.

त्या दिवशी टपरीवरच्या पोराला मी विचारलं, कुणी ‘प्रतापगड गोंदिया’ शोधलं तर सगळ्यात आधी काय दिसलं पाहिजे? मला वाटलं किल्ला म्हणेल, महादेव म्हणेल, दर्गा म्हणेल. त्याने गाळणी झटकली. “आधी गाड्या कुठे लावायच्या ते टाका,” तो म्हणाला, “अन् पिण्याचं पाणी कुठे आहे ते. दरवर्षी सगळे मलेच विचारतात.”

त्या रात्री गावी परतल्यावर मी दोन्ही गोष्टी लिहून टाकल्या. पाण्याच्या टाकीचा फोटो जरा हललेला आला आहे.